आलुबोंड्यावर गेलेली बँक

आमच्या देवळीच्या सहकारी बँकेची वार्षिक सभा म्हणजे आलुबोंडे. अध्यक्ष सदाशिवराव ठराव वाचतात, सभासद 'मंजूर' ओरडतात आणि ताटल्यांकडे पळतात. वर्षानुवर्षं हेच. मी बाजाराच्या रस्त्यावर बांगड्यांचं दुकान चालवते, बँकेची सभासद आहे, आणि या प्रकाराचा मला भयंकर संताप येतो.

यंदा तर सदाशिवरावांनी ताटल्या आधीच फिरवल्या. वास सुटला, माना वळल्या, तेव्हा त्यांनी शेवटचा ठराव काढला: बँक मुंबईच्या एका मोठ्या खाजगी बँकेत विलीन करायची.

"आपला नफा नाई वाढून राह्यला," ते म्हणाले. "खाजगी मालक आला का वाढते."

मी ताडकन उठले. "कमी काऊन आहे, ते सांगा ना! बाजाराच्या दिवशी आपली खिडकी बाजार उठेपर्यंत उघडी राह्यते. भाजीवाल्या बाया कमाई तिथं टाकूनच घरी जातात. त्याले खर्च लागते. मालक आपण हाव, म्हणून आपण सोसतो. मुंबईवाला काऊन सोसन? पहिले खिडकीच बंद करन!"

"सरिताबाई, बसा. बोंडे थंडे होऊन राह्यले."

लोक खो खो हसले. माझ्याच गावचे, माझ्यावर!

"मंजूर?" सदाशिवरावांनी विचारलं. हात भराभर वर गेले. शेजारी मनकर्णाबाई होती. बाजारात वांगी विकते, आणि नवऱ्याच्या हाती पैसा पडू नये म्हणून दर बाजारी त्या खिडकीवर जाते. एका हातात बोंडा, दुसरा हात वर. "मंजूर!" तीही ओरडली. तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं मला.

"कायले हात वर केला?"

"सारेच करतेत ना माय. दरसाल करतो."

"मंग आता खिडकी बंद. बाजाराची कमाई घरी नेजो अन् नवऱ्याच्या हाती देजो!"

तिचा घास तोंडातच राहिला. मग ती उठली, सरळ मंचावर चढली आणि उष्टा बोंडा सदाशिवरावांच्या ठरावावर ठेवला.

"हा घ्या तुमचा बोंडा. माहा हात मले वापस द्या."

सभा हसली. तोंडं भरलेली होती, तरी हसली. सदाशिवरावांनी रुमालानं कागदावरचं तेल पुसलं आणि सही केली.