बाटली इथं, माप तिथं

मित्रांनो, आपला तळहात डोळ्यांसमोर धरा आणि समजा, की ही कातडी म्हणजे एका घराची भिंत आहे. विटेवर वीट, मध्ये चुना. धूळ आत येत नाही, पाणी आत येत नाही. पण औषधाला आत जायचं असलं, तर तेही बिचारं बाहेरच ताटकळतं. आता समजा, कुणीतरी आलं, विटांमधला चुना जरासा सैल केला आणि औषधाला म्हणालं, "जा आत." ते काम माझं होतं.

मी एक जुनी तपकिरी बाटली आहे. काचेच्या भट्टीतून निघाले तेव्हा मला हा रंग मुद्दाम दिला होता, पोटातल्या औषधाला उजेड लागू नये म्हणून. हैदराबादेत कोठीच्या बाजारामागे एक दवाखाना होता, तिथल्या फळीवर माझी जागा होती. माझ्यात स्पिरिटमध्ये विरघळवलेलं सॅलिसिलिक आम्ल भरलेलं असे. नुसतं मलम ज्या जाड कातडीवरून निसटून जाई, तिथे माझे थेंब मिसळले की ते आत उतरे. माझ्या शेजारी खिळ्याला एक चिमुकलं काचेचं माप उलटं टांगलेलं असे. तो माझा जोडीदार. त्याच्याशिवाय कंपाउंडर नामदेवराव माझ्या बुचाला हात लावत नसत.

गौलीगुड्याच्या सुशीलाबाई आपल्या पाच वर्षांच्या माधवला घेऊन येत. त्याच्या दोन्ही पायांची कातडी माशाच्या खवल्यांसारखी होती. सोबत त्याची नऊ वर्षांची बहीण भामा असे. ती फळीजवळ उभी राहून प्रश्न विचारी आणि नामदेवरावांना प्रश्न फार आवडत.

"काका, एवढंसंच का टाकता? जास्त टाकलं तर लवकर बरा होईल की."

"भामे, ही बाटली दार उघडते. उघड्या दारातून पाहुणा येतो, तसा चोरही येतो. जास्त उघडलं तर ही स्वतःच रक्तात शिरेल. म्हणून मलमाच्या एका डबीला एकच माप. एक दिवस उजवा पाय, एक दिवस डावा. वर फडकं गुंडाळायचं नाही. आणि रोज विचारायचं त्याला, कानात काही वाजतं का? वाजलं, म्हणजे ही रक्तात शिरली. वाजलं की मलम बंद, आणि पळत इकडे यायचं. हे काम तुझं."

भामाने मान डोलावली. तेव्हापासून ती रोज विचारी आणि माधव रोज म्हणे, "नाही अक्का, तूच वाजतेस." दोन महिन्यांत त्याचे गुडघे मऊ झाले. सुशीलाबाईंनी माझ्यापुढे फूल ठेवलं. मित्रांनो, मी फुगून गेले होते.

मग छप्पन्न साल आलं. हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. मराठी मुलुख तिकडे, तेलुगू मुलुख इकडे. नामदेवरावांची बदली औरंगाबादला झाली. तिथल्या दवाखान्यासाठी आमच्या दवाखान्यातल्या सामानाची वाटणी करायला हिम्मतराव नावाचे कारकून आले. बाटली एक नग, माप एक नग. एक इकडे, एक तिकडे.

"हिम्मतराव, अहो ही जोडी आहे," नामदेवराव म्हणाले.

"इथं राज्य वाटून ऱ्हायले लोक, अन् तुम्ही बाटलीचं लग्न लावून बसलात!" हिम्मतराव हसले. बाकीचेही हसले. मापाला पेंढ्यात गुंडाळून खोक्यात घातलं. नामदेवरावांनी जाताना माझ्या गळ्यात एक चिठ्ठी बांधली: एका डबीला एक माप, पाय एक, फडकं नको, कान विचारा.

पंधरा दिवसांनी नवे कंपाउंडर अप्पाराव आले. माणूस वाईट नव्हता. बाहेर रांग मोठी होती आणि आत ते एकटेच होते. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "मराठी नई आती मेरे कू," असं म्हणून ती फळीवर ठेवून दिली. नव्या मापासाठी त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं, वाटणी पूर्ण झाली आहे. मग त्यांनी चहाची पेली घेतली आणि मला अंदाजाने ओतलं. मित्रांनो, बाटलीला थांबता येत नाही. ओतणारा थांबला तरच ती थांबते.

"दोनों पावाँ को लगाओ, ऊपर से कपड़ा बाँधो. जल्दी अच्छा हुंगा," ते म्हणाले. सुशीलाबाईंना आनंद झाला. काका एक पाय म्हणायचे, असं भामा म्हणाली, तर आईने तिला डोळे दाखवले. मोठ्या माणसांना शिकवू नये!

चौथ्या दिवशी भामा धापा टाकत माझ्या फळीपाशी आली. मागून सुशीलाबाई आल्या. कडेवर माधव होता.

"त्याच्या कानात घंटा वाजतेय! काका म्हणाले होते, वाजलं की बंद!"

"देवळाची असेल गं," रांगेतलं कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

अप्पारावांनी माधवच्या कानात पाहिलं. "सर्दी है अम्मा. दवा बराबर है, लगाते रहो." त्यांनी कानात घालायचे थेंब दिले. भामा तिथेच पाय आपटून रडली. आईने तिला दंडाला धरून नेलं.

दोन दिवसांनी माधवला उलट्या सुरू झाल्या. श्वास पळणाऱ्या माणसासारखा चालू लागला. मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. माधव गेला.

चौकशी झाली. कागदावर लिहिलं, 'बाटली सदोष'. मला कपाटात कोंडलं. माझं माप औरंगाबादेत कुठल्याशा खिळ्याला कोरडं लटकत असेल, ते कुणी लिहिलं नाही. फळीवरची चिठ्ठीही कुणी वाचली नाही. मित्रांनो, मला निर्दोष म्हणू नका. त्या पोराच्या रक्तात मीच शिरले. पण जे दार उघडतं, त्याच्यापासून त्याचं माप कधी तोडू नका, आणि लहान मूल काही सांगत असेल तर हसण्याआधी ऐका. याहून जास्त मला मागायचं नाही.

कपाटाला जाळी होती, म्हणून पुढचं मी पाहिलं. तेराव्यानंतर भामा एकटीच आली. अप्पाराव तिच्याकडे पाहू शकले नाहीत. फळीवरची चिठ्ठी तिने उचलली, घडी करून मुठीत धरली आणि बाकावर जाऊन बसली. शेजारी एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर खरजेने भरलेलं पोर आणि हातात मलमाची डबी होती. भामाने डोळे पुसले, तिच्याकडे वळली आणि विचारलं,

"अम्मा, बच्चे के कान में कुछ बजता क्या?"