हिवाळ्यात उघडा ठेवायचा नळ

मी नळ बोलतोय. स्वयंपाकघरातला, गरम-गार पाणी देणारा ऐटबाज नळ नव्हे. परसातल्या भिंतीवरचा, बाहेरचा नळ. अंगाने पितळेचा. वर चकचकीत मुलामा होता, तो बराचसा उडालाय. पोटावर एक लांब चीर आहे. ती कशी पडली तेवढं सांगतो. एरवी नळाने पाणी द्यावं, बोलू नये, असं माझंही मत आहे.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. वितळलेलं पितळ, साचा, आटे पाडणारं यंत्र आणि मग खोका, बस्स. खरं आयुष्य सुरू झालं ते लायडस्खेनडाम या डच गावातल्या एका चिकटून बांधलेल्या घरांच्या रांगेत. मंजूषा आणि सिद्धार्थ या पुण्याच्या जोडप्याने तिथलं एक घर घेतलं, तेव्हा मागच्या परसात पाण्याची सोयच नव्हती. मंजूषाने हौसेने कढीपत्ता लावला होता आणि ती त्याला आतून पातेल्याने पाणी आणून घालायची. शेजारच्या टूनला हे कुंपणापलीकडून बघवेना. एक दिवस तो मला घेऊन आला, भिंतीला भोक पाडलं आणि मला बसवून गेला. टून म्हणजे निवृत्त बसचालक, बायको गेल्यापासून एकटा राहणारा, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. त्याला मी एकेरीच म्हणतो. ज्याने मला भिंतीत बसवलं त्याच्याशी कसला आलाय औपचारिकपणा.

या देशात बाहेरच्या नळाला हिवाळ्याचा एक नियम असतो. थंडी पडायच्या आधी ओट्याखालचा कॉक बंद करून आमच्याकडे येणारं पाणी तोडायचं. मग आम्हाला पूर्ण उघडून पोटातलं उरलंसुरलं पाणी गळू द्यायचं, आणि वसंतापर्यंत तसंच उघडं ठेवायचं. बंद नळात अडकलेलं पाणी गोठताना फुगतं आणि पितळसुद्धा फाडतं. उघड्या, रिकाम्या नळाचं काही बिघडत नाही. दर नोव्हेंबरात माझं हे काम टूनच करायचा. मंजूषा म्हणायची, आम्ही करू की. तो म्हणायचा, तुम्ही ऑफिसातून येता तेव्हा अंधार पडलेला असतो. मागच्या बोळातल्या फाटकातून तो सरळ परसात यायचा, बेल वाजवायचा नाही. मागच्या दाराची एक किल्ली त्याच्याकडेच असायची. इथे मागच्या दाराने येणारा माणूस घरचा समजतात.

त्या वर्षीही त्याने मला नोव्हेंबरातच उघडून ठेवलं. डिसेंबरात मंजूषाचे वडील आले, विश्वासराव.

सिंहगड रोडवरच्या सोसायटीचे हे कित्येक वर्षांचे सेक्रेटरी. आयुष्य पाण्याच्या वेळा सांभाळण्यात, टँकरवाल्याशी हुज्जत घालण्यात आणि लोकांचे गळके नळ बंद करण्यात गेलेलं. पत्नी वर्षापूर्वी गेल्या, म्हणून मंजूषाने आग्रहाने बोलावून घेतलं. पण लेकीच्या घरी पाहुणा म्हणून राहायचं ते मुळी कुठवर, हे त्यांच्या चेहऱ्यावर रोज दिसायचं. सकाळी मंजूषा स्लोटरडाइकच्या आणि जावई हूफडॉर्पच्या ऑफिसात गेला की घर रिकामं. भांडी यंत्र घासायचं, जमीन दुसरं यंत्र पुसायचं. विश्वासराव कोट घालून परसात यायचे, एक फेरी मारायचे आणि आत जायचे. काही करू का, असं विचारलं की मंजूषा म्हणायची, ‘बाबा, तुम्ही आराम करा.’ या वाक्याने त्यांचा चेहरा कसा उतरायचा ते तिला दिसत नसे. मला दिसायचं.

टूनला ते दिसलं असावं. एका सकाळी तो आला आणि म्हणाला, विस्वास, हिवाळा दारात आलाय, घर तयार करायचंय, हात लाव. मग ते दोघे रोजच भेटू लागले. दाराखाली रबरी पट्टी लावली, पन्हाळीतला पाचोळा काढला, कढीपत्त्याची कुंडी आत नेली. रेडिएटरमधली अडकलेली हवा सोडायची एक इवलीशी किल्ली असते, ती टूनने विश्वासरावांच्या हवाली केली. ती ते जानव्याला बांधतात की काय असं मला वाटलं, इतकी जपायचे. काम झालं की दोघे ओट्याशी उभे राहून कॉफी प्यायचे. टून एकच बिस्कीट घ्यायचा, विश्वासराव त्याच्या बशीत चकली सरकवायचे. दोघांचंही इंग्रजी आपापल्या गावचं, पण अडलं नाही कुठे.

एवढ्या कामांत माझा विषय मात्र निघाला नाही. माझं काम आधीच होऊन गेलं होतं. टूनला वाटलं मंजूषाने सांगितलं असेल, मंजूषाच्या डोक्यात तो विषयच नव्हता. यात कुणाला बोल लावायचा?

जानेवारीत बर्फाचा इशारा आला. दुपारी मंजूषाचा फोन आला. उद्या सकाळपर्यंत बर्फ पडेल, येताना सामान आणते, तुम्ही आराम करा, असं ती म्हणाली. विश्वासराव फोन ठेवून परसात आले. ऊन होतं, कोरडी बोचरी थंडी होती. फरश्यांवर हिरवट शेवाळ धरलं होतं, कोपऱ्यात कुजका पाचोळा होता. दारात मोठं काही येणार असलं की आपल्याकडे आधी अंगण धुतात, मग ती दिवाळी असो की लग्न. त्यांनी तेच केलं. माझ्याकडे वळले तर मी सताड उघडा आणि थेंब नाही. सेक्रेटरीच ते. ओट्याखाली डोकं घालून कॉक शोधून काढला आणि फिरवला. कुणीतरी चुकून बंद केला असणार, असं पुटपुटलेही.

पाणी माझ्या पोटात धाडकन आलं. मला ओरडून सांगायचं होतं, पण माझ्याकडे आवाज म्हणजे पाण्याचाच. त्यांनी खराट्याने घासघासून सगळ्या फरश्या धुतल्या, अगदी फाटकापर्यंत. धुताना गात होते. आल्यापासून पहिल्यांदाच. शेवटी त्यांनी मला बंद केलं, करकचून, एक थेंब गळणार नाही असं, आणि माझ्या डोक्यावर थोपटलं. कॉक तसाच उघडा राहिला. संध्याकाळी मंजूषाने खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, ‘बाबा, परस काय लख्ख केलंय!’ ते हसले. त्या हसण्याची मला अजून हळहळ वाटते.

रात्रीत फरश्यांवरच्या पाण्याची काच झाली आणि पहाटे तिच्यावर पातळ बर्फ भुरभुरला. वरून सगळं मऊ, पांढरं. उजाडता उजाडता मागच्या फाटकाची कडी वाजली. टून आला होता, हातात मिठाची बादली. बर्फ वितळावा म्हणून इथे मीठ टाकतात. त्याने बादलीत हात घातला, पाऊल पुढे टाकलं, आणि पहिली मूठ टाकायच्या आतच त्याचे पाय सुटले. खुब्यावर आपटला. ओरडला नाही, नुसता ‘विस्वास’ म्हणाला.

विश्वासराव चहाचं आधण टाकून तसेच सपाता घालून धावले, तेही घसरले, गुडघ्यावर रांगत त्याच्यापाशी पोहोचले. अँब्युलन्स त्याला घेऊन गेली. मंजूषा, सिद्धार्थ, समोरचे लोक, सगळे म्हणाले, बर्फ म्हटला की असं व्हायचंच. सगळे आत गेल्यावर विश्वासरावांनी हाताने बर्फ बाजूला केला. खाली जाड काच होती. मग कुंपणावरून वाकून टूनच्या फरश्या चाचपल्या. तिथे नुसता भुसभुशीत बर्फ होता. खाली काच नव्हती.

दवाखान्यात ते मंजूषाबरोबर एकदा गेले आणि मग एकटेही गेले. परत आल्यावर माझ्यापाशी खुर्ची ओढून बसले. घरात बोलायला कुणी नसलं की माणूस भिंतीशी बोलतो, भिंतीत नळ असला तर नळाशी. म्हणाले, ‘सांगायला गेलो होतो. संत्रं सोलून देऊन आलो.’

थंडी ओसरली त्या दिवशी माझी पाळी आली. गोठलेलं पाणी सुटलं आणि माझ्या फाटलेल्या पोटातून चिळकांड्या उडू लागल्या. मंजूषाने पळत जाऊन कॉक बंद केला. बाहेर येऊन ती म्हणाली, हा उघडा कसा राहिला? विश्वासराव शेजारीच उभे होते. त्यांचे ओठ हलले, मला दिसले. तेवढ्यात तिने दवाखान्यात टूनला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सांगितलं की बाबाही इथेच आहेत. मग विचारलं, नोव्हेंबरात कॉक बंद केला होतास ना?

फोनवर टून गप्प होता. इतका वेळ गप्प की मंजूषाला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, ‘नाही. या वर्षी विसरलो मी.’

विश्वासरावांनी मान खाली घातली. मी पाण्याने भरलेला होतो तेव्हाही इतका जड झालो नव्हतो.

पुढचं सगळं प्रेमापोटीच झालं. टूनचा मुलगा दूर झ्वोलाला राहतो. त्याने मंजूषाला आपल्या वडिलांची तब्येत विचारली, तेव्हा तिने काळजीने सांगितलं की हल्ली ते विसरतातही थोडं, आमचा कॉकच राहून गेला. मुलाने पडणं आणि विसरणं एकत्र धरलं आणि ठरवलं की वडिलांना आता एकटं ठेवायचं नाही. टून बरा होऊन परत आला तो घर आवरून झ्वोलाला मुलाकडे जायलाच. तोपर्यंत विश्वासरावांचा व्हिसा संपून ते पुण्याला गेले होते. प्लंबरने मला काढून टाकलं तेव्हा त्यांनी मला कचऱ्यातून उचललं होतं. मी त्यांच्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळलेला.

पुण्याचा उन्हाळा मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खणात काढला. पाणी यायच्या वेळी सगळ्या सोसायटीतले नळ एकदम खळखळायचे. विश्वासराव कुणाच्याही नळाला हात लावायचे नाहीत. रात्री जेवण झालं की कधी कधी खण उघडून माझ्याकडे बघायचे आणि बंद करायचे. एकदा मंजूषाने फोनवर सांगितलं की टूनचं घर विकलं गेलं, नव्या लोकांनी खिडक्यांना जाड पडदे लावलेत. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

नोव्हेंबरात ते परत आले. आल्या आल्या मंजूषाला म्हणाले, मला टूनकडे घेऊन चल. आगगाडीत सगळा वेळ मी त्यांच्या कोटाच्या खिशात होतो आणि त्यांची मूठ माझ्यावर होती.

टून खिडकीशी बसला होता, बाजूला चाकांचा वॉकर. वाळलाय आता. विश्वासरावांनी कोटही काढला नाही. मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, ‘मिस्टर टून, कॉक मी उघडला होता. फरश्याही मीच धुतल्या होत्या.’

मंजूषा दाराशी बूट काढत होती, ती तशीच थांबली.

‘माहीत आहे,’ टून म्हणाला. ‘पाण्याचा आवाज कुंपणापलीकडे येत होता. म्हणून तर सकाळी मीठ घेऊन आलो.’

‘मग तेव्हाच हाक का नाही मारलीत?’

‘तू गात होतास. म्हटलं, उद्या बघू. ती माझी चूक.’ मग जरा थांबून तो म्हणाला, ‘पण फोनवर मी थांबलो होतो, विस्वास. म्हटलं, तू बोलशील.’

विश्वासराव खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. टूनने त्यांना रडू दिलं. काही हरकत नाही, असं तो म्हणाला नाही. इथली माणसं मनात नसलेलं बोलत नाहीत. घराची आठवण येते, एवढं म्हणाला, खिडकीतून बोळ दिसायचा त्याची जास्त येते. मग कॉफी आली. त्याने एकच बिस्कीट घेतलं. मंजूषाने पिशवीतून चकलीचा डबा काढून त्याच्या बशीपाशी ठेवला.

निघताना विश्वासराव मला उचलायला वाकले. टूनने मला आधीच हातात घेतलं होतं. त्याने माझ्या चिरेवरून अंगठा फिरवला आणि मग माझी मूठ सावकाश फिरवून मला पूर्ण उघडलं. हिवाळ्यात असा ठेवायचा, असं विश्वासरावांना म्हणाला. गेल्या वर्षी कुणी सांगायचं राहून गेलं होतं, ते आता सांगितलं.

तेव्हापासून मी इथे, झ्वोलाच्या खिडकीत असतो. माझ्यातून आता कधीच पाणी जाणार नाही आणि त्याचं मला फारसं दुःख नाही. दुःख त्या फोनवरच्या शांततेचं आहे. तेव्हा एक माणूस थांबला होता, दुसऱ्याच्या ओठांवर शब्द आले होते, आणि मधे मी होतो, चिरलेला आणि मुका. तुमच्या भिंतीवर माझा कुणी भाऊबंद असेल तर थंडी पडायच्या आधी त्याला रिकामा करा. आणि घरात कुणी नवं माणूस आलं असेल, तर त्याला नुसतं आराम करा म्हणू नका, कॉक कुठे आहे तेही दाखवा.

विश्वासराव दर रविवारी फोन करतात. टून बोलता बोलता माझी मूठ चाचपतो, उघडी आहे ना बघतो, आणि त्यांना तसं सांगतो.