गार इंजिनाची धाप

व्यवहारात माणसाने सचोटी सोडू नये, असं फोर्तुनातो तिकोनाचं ठाम मत होतं. आणि रविवारी सकाळी सात वाजता डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तो शहराच्या गाडीबाजारात तो आपल्या मोटारीच्या बॉनेटवर दुसरं घोंगडं पसरत होता. इंजिनाची ऊब गिऱ्हाईक येईपर्यंत टिकायला हवी होती. फोनवर भाव ठरवताना गिऱ्हाइकाने एकच अट घातली होती: इंजिन गार ठेव, मी स्वतः सुरू करून बघणार.

गार असताना सुरू केलं की ते इंजिन बोंबलायचं. पाय पेडलपासून वीतभर लांब, तरी फेऱ्यांचा काटा थेट दोन हजारावर. मिनिटभराने आपोआप गप्प. फोर्तुनातोने चौदा वर्षं एक खटारा टॅक्सी चालवली होती. तिचा चोक हाताने ओढला की ती ओरडायची, आत ढकलला की थांबायची. ही कुणी काही न ओढता ओरडायची. रोज सकाळी चावी फिरवण्याआधी तो छातीवर क्रूस काढायचा, आणि काटा खाली येईपर्यंत श्वास धरून बसायचा.

निदान केलं होतं इलारियोनने. इलारियोन त्याच्या धाकटीचा धर्मपिता, म्हणजे नात्याने कोंपाद्रे, आणि कोंपाद्रेचं मत फुकट असलं तरी ऐकावं लागतं.

"जपानची गाडी. समुद्राकाठी वाढलेली," तो म्हणाला होता. "तू तिला आणलीस चार हजार मीटरवर. काहींना बस लागते ना? तशी हिला उंची लागलीये. सकाळी उठली की छाती धडधडते बिचारीची."

मग उंचीवरचा उतारा म्हणून डॅशबोर्डवर कोकाची पानं ठेवून झाली. महिना गेला. गुण नाही.

"एक दिवस बसेल ती कायमची," इलारियोन शेवटी म्हणाला. "बसायच्या आत वीक."

घर त्या गाडीवर चालत होतं. बसली असती तर घरही बसलं असतं.

आठला गिऱ्हाईक आलं, दोन्या सेनोबिया; दोन्या म्हणजे बाईसाहेब. डोक्यावर काळी गोल टोपी, अंगावर चार घागरे, मालकीच्या चार टॅक्सी. तिने गाडीकडे पाहिलं, मग घोंगड्यांकडे.

"हिला ताप आलाय का?"

"थंडी फार आहे, दोन्या," फोर्तुनातो म्हणाला. "रंग खराब होतो."

तिने घोंगडं उचललं, तळहात बॉनेटवर टेकवला आणि तसाच ठेवला.

"मी थांबते," ती म्हणाली.

"किती?"

"गार होईपर्यंत. आणि उन्हात काय उभी केलीस? तिकडे भिंतीच्या सावलीत घे. सुरू नाही करायची. ढकल."

फोर्तुनातो आणि सोबत आलेला इलारियोन, दोघांनी ढकलली. तीस पावलांत इलारियोनचे ओठ निळे पडले.

"आता उंची कुणाला लागली?" फोर्तुनातो दातांतल्या दातांत म्हणाला.

दोन्या सेनोबियाने शेजारच्या बाईकडून स्टूल घेतलं, आपी, म्हणजे जांभळ्या मक्याचं गरम पेय, मागवली आणि तळलेली पुरी त्यात बुडवून सावकाश खाऊ लागली. फोर्तुनातो गाडीभोवती फिरत राहिला. त्याने आरसा पुसला. पुसलेला आरसा पुन्हा पुसला. दहाच्या सुमारास त्याने सहज टेकल्यासारखा बॉनेटला हात लावला. पत्रा बर्फासारखा होता.

"दोन्या, घरी बायको वाट बघतेय."

"मग जा की. गाडी राहू दे."

"म्हणजे, ही सकाळची जरा..." त्याने शब्द शोधला. "जरा मोठ्याने उठते."

"माझा नवराही तसाच उठतो. दे चावी."

तिने घागरे आवरले, आत बसली आणि चावी फिरवली. इंजिन बोंबललं. काटा दोन हजारावर. पलीकडचे दोघे वळून बघू लागले. फोर्तुनातोने डोळे मिटून घेतले. इलारियोन हळूच तिथून निघून गेला.

दोन्या सेनोबिया मान तिरपी करून ऐकत होती, कढीला उकळी येतेय का बघावं तशी. काटा पंधराशेवर आला, मग बाराशेवर, मग आठशेला येऊन स्वस्थ बसला.

"मस्त," ती म्हणाली.

"काय मस्त?"

"गार इंजिन आधी ओरडतं, ऊब आली की गप्प होतं. सगळ्या नव्या गाड्यांचं असंच. जुन्या गाडीत चोक आपण ओढायचो, हिच्यात ती स्वतः ओढते. सकाळी जी ओरडत नाही ती मी घेत नाही."

फोर्तुनातो काही क्षण काट्याकडे बघत राहिला. काटा जागचा हलत नव्हता.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू कुठे विचारलंस? तू तर तिला पांघरूण घालत होतास."

त्याने बॉनेटवर हात ठेवला. आता तो लगेच उचलावासा वाटेना.

"दोन्या," तो घाईघाईने म्हणाला, "मी काय म्हणतो, बायकोला एकदा विचारतो. पोरींना ही गाडी आवडते. आपण असं करू..."

मागे फसफसल्यासारखा आवाज झाला. इलारियोन बियरच्या दोन बाटल्या घेऊन आला होता. लांबून त्याने दोन्या सेनोबियाचा हसरा चेहरा पाहिला होता, आणि गाडी एकदाची खपली म्हणून तो आनंदाने पुढच्या चाकांवर धार धरून होता. फेस टायरवरून ओघळून मातीत जिरत होता.

"अरे, थांब!" फोर्तुनातो ओरडला.

"का? मागची राहिलीत अजून," इलारियोन म्हणाला, आणि मागे गेला.

धरणीमाता प्यायली की सौदा पक्का. मग तो मोडायचा विचार एल आल्तोत कुणी करत नाही; निदान चारचौघांसमोर तरी नाही. दोन्या सेनोबियाने खाली उतरून, टोपी काढून उरलेली धार जमिनीवर ओतली, नोटांचं पुडकं फोर्तुनातोच्या हातात दिलं आणि कोकाची पानं खिडकीतून झटकून टाकली.

"गाडी जपलीयस हां," ती म्हणाली.

ती गेली. इंजिनाचा आवाज कोपऱ्यापर्यंतसुद्धा ऐकू आला नाही.

"सुटलास बाबा," इलारियोन म्हणाला.

फोर्तुनातो घरी जाणाऱ्या मिनिबसमध्ये जाऊन बसला. ती भरल्याशिवाय सुटत नाही. अजून नऊ जागा रिकाम्या होत्या.