ओट्यावरचा दांडगोबा

सकाळी सव्वासातला बाईंच्या कुत्र्याने, दांडगोबाने, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उडी मारली. कुत्र्यांना वळण लावणारा माणूस समोरच उभा होता.

"उतर मेल्या! तुझ्या तीर्थरूपांचा ओटा आहे का?" बाई ओरडल्या. कुत्र्याची शेपटी जोरजोरात हलू लागली.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. गेल्या महिन्यात शेगडीवर कुत्र्याचा पंजा भाजला, तेव्हा मुलाने फोनवर बजावलं होतं, "आई, पुन्हा असं झालं तर त्याला मी घेऊन जाणार."

"बाई, तुम्ही रागावता आणि त्याला वाटतं गप्पा मारताय," तो माणूस म्हणाला. "उडी मारली की पाठ फिरवायची. चकार शब्द काढायचा नाही."

"मग बोलू कुणाशी? कुकरशी?"

तो हसला. बाई हसल्या नाहीत.

बाईंनी त्याचं सांगणं तंतोतंत पाळलं. पाचव्या दिवशी उड्या थांबल्या. मुलाला कळवलं, तर "छान झालं" म्हणून त्याने फोन ठेवला. त्यानंतर दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

आज बाईंनी शेगडी बंद केली, ती गार झाल्याची हात लावून खात्री केली आणि ओट्याच्या अगदी कडेला एक बिस्किट ठेवलं. दांडगोबा खाली बसून आधी बिस्किटाकडे, मग बाईंकडे बघतो आहे. अजून उठलेला नाही.