झापडीचा एपिसोड

पहिले एक गोष्ट ध्यानात घ्या. आमच्या बाबानं आमच्यावर कधी हात नाई उचलला. ना माह्यावर, ना राजदीपवर. बाबाची जीभच इतकी खतरनाक होती का हाताची गरजच नाई पडली. राजदीप पुण्याची नोकरी सुटून घरी आला, तवा शेजारची रुखमाबाई म्हणे, "बरं झालं भाऊ, पोरगा जवळ आला." बाबा म्हणाले, "जवळ नाई आला, वापस आला. दुकानाचा माल वापस येते तसा." राजदीप समोरच उभा होता, हातात बॅग घेऊन. चौतीस वर्षांचा घोडा, दाढी पिकाले लागलेली. आमची सिरीयल त्याच्यातूनच निघाली.

मी रुपाली, राजदीपची लहान बहीण. लग्न काहून नाई केलं ते विचारू नका, माहं डोकं फिरते. आमचं घर राजूरले, कोळशाच्या खदानीच्या कामगारायच्या जुन्या लाइनीत. बाबा, म्हणजे भीमराज, खदानीतून रिटायर झालेले. माय जाऊन बरेच दिवस झाले. राजदीप लिहायचा, तो अन् बाबाच लेकाचं-बापाचं काम करायचे, मी मोबाइलवर शूटिंग करायची, अन् वणीचं एक केबल चॅनल दर रविवारी ते दाखवायचं. नाव होतं 'बाप घरी हाये'. गोष्ट दरवेळेस एकच. पोरगा काहीतरी नवं खूळ घेऊन येते, कधी मशरूम, कधी जिम, कधी दुसरं लग्न. बाप त्याले तोंडावर सुनावते, अन् शेवटी एक झापड ठेवून देते. खलास. लोक त्या झापडीसाठी पागल झालते.

ती झापड खोटी होती बरं. बाबाचा हात गालापासून चार बोटं दूर थांबायचा, राजदीप मान झटकून खाटेवर पडायचा, अन् मी कॅमेऱ्यामागून आपल्याच मांडीवर फाडकन हात हाणायची. मांडी लालभडक व्हायची. पण आवाज असा यायचा का रुखमाबाई भिंतीपलीकडून ओरडायची, "अवो भीमराजभाऊ, मारून टाकता काय पोराले!" तिले सारं माहीत होतं, तरी ओरडायची.

आता लोकायचं ऐका. राजदीप चहाच्या टपरीवर गेला का कोणीतरी मागून येऊन कानफटात द्यायचा. "काय बे, बाप घरी हाये का?" अन् खी खी खी. एका लग्नात तं नवरदेव स्टेजवरून उतरून हाणून गेला, फोटोवाल्याले सांगून. एका बाईनं आपलं लेकरू कडेवर घेऊन त्याच्या हातानं मारवलं. प्रेम म्हणे! आग लागो असल्या प्रेमाले. अन् आमचा शहाणा गाल चोळत हसत राहायचा. "पब्लिक हाये रुपे, ओळखते म्हणून मारते." मले लोकायपेक्षा त्याचाच राग यायचा.

मंग एक दिवस वणीच्या बस स्टँडवर एका ट्रकवाल्यानं त्याले ओळखलं. पंजा सुपाएवढा. त्यानं डाव्या कानाखाली अशी ठेवून दिली का राजदीप बाकड्यावरून खाली, अन् कानातून रक्ताची धार. ट्रकवाल्यानं सॉरी म्हटलं, त्याच्यासंग सेल्फी काढला अन् गेला. डॉक्टरनं तपासलं. पडदा फाटला, डावा कान कामातून गेला. उजवा कान लहानपणीच्या तापापासून आधीच कमजोर. डॉक्टरनं साफ सांगितलं, उजव्या बाजूले एक जोराचा मार बसला तं हा माणूस पुरा बहिरा होईन.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "बंद कर हा तमाशा."

राजदीप खाली बसला. म्हणे, "बाबा, साऱ्या जिंदगीत मले हे एकच जमलं. हेही सोडू?"

बाबानं सुनवायचं सोडून त्याच्या कानातला कापूस नीट केला. मी पहिल्यांदा पाह्यलं तसं. शेवटी ठरलं का झापड हळूहळू सिरीयलमधून काढून टाकायची. पण मारेगावच्या एका मंडळाले शब्द दिलता, तेवढा एक स्टेज शो करायचा. बाबाची एकच अट होती. आपण राजदीपच्या डाव्या अंगाले उभे राहू, उजव्या बाजूले कोणाले फटकू देणार नाई.

मारेगावले सांजच्याला मैदान भरून गेलतं. लोक झाडावर, लोक ट्रॅक्टरवर. मंडळाचा अध्यक्ष गोपालभाऊ, पांढरेफटक कपडे, चारही बोटांत अंगठ्या, पाहुण्यायले सांगत फिरे, "आज ओरिजिनल झापड पाहा." मी स्टेजच्या पडद्यामागं मांडीसमोर माइक लावून बसली. सुरुवात झकास झाली. राजदीप म्हणे, "बाबा, मी कोंबड्या पाळतो." बाबा म्हणाले, "मी तुले पाळून राह्यलो, ते कमी हाये का?" मैदान असं हसलं का बांबू हालले.

झापडीची वेळ आली अन् तेवढ्यात मंडळाचा एक पोट्टा पडद्यामागं घुसला. "ताई, सत्काराले माइक पायजे." मी म्हटलं, "अबे थांब, मुडद्या, एक मिनिट थांब!" मी माइक सोडीना, त्यानं हिसकला. मी धरला, त्यानं मले ढकललं. मी स्पीकरच्या डब्यावर आपटली, कोपर सोलून निघालं. तिकडं बाबाचा हात उचलला गेलता. मी पडल्या पडल्या जीव खाऊन मांडीवर हात हाणला, पण माइकबिगर तो आवाज पहिल्या रांगेलेही नाई गेला.

हात आला. राजदीप पडला. अन् आवाजच नाई.

जराशानं समोरचा एक जण उभा झाला. "लागलीच नाई बे!" दुसरा ओरडला, "चार बोटं दूर होता हात, मी पाह्यलं!" मंग काय इचारता. "खोटारडे! फसवलं आमाले!" एक चप्पल सणसणत आली अन् बाबाच्या छातीवर बसली. पाण्याच्या बाटल्या आल्या, खुर्ची आली. खुर्चीचा पाय राजदीपच्या कपाळाले लागून भुवई फाटली. तुमाले सांगते, एखाद्याले मार नाई लागला म्हणून लोक इतके चिडलेले मी कधी पाह्यले नाई. जसं काई त्यायच्याच घरचं कोणी चोरून नेलं.

गोपालभाऊ स्टेजवर चढला. पाहुण्यायसमोर त्याचं तोंड उतरलतं. त्यानं बाही वर सारली. "भीमराजभाऊ, माह्या स्टेजवर नकली नाई चालत. तुमच्यानं होत नसन तं मी दाखवतो." त्याच्या दोन पोट्ट्यायनं राजदीपचे हात मागं पिरगाळले. गोपालभाऊ उजव्या अंगाले उभा राह्यला. उजव्या! अंगठ्या बोटातच होत्या.

बाबानं हात जोडले. खदानीच्या मॅनेजरले कधी नमस्कार न करणारा माणूस, तो वाकला. "साहेब, याचा एक कान गेला हाये. तुमी इकडून मारलं तं माहं लेकरू बहिरं होईन. पाया पडतो तुमच्या."

अन् लोक हसले. हो, हसले! त्यायले वाटलं हाच पुढचा डायलॉग हाये. "वा बाबा, वा! काय ॲक्टिंग हाये!" शिट्ट्या वाजल्या. माहं टाळकंच सटकलं. मी पडद्यामागून धावत आली अन् एका पोट्ट्याच्या मनगटाले असा दात लावला का तोंडात रक्ताची चव आली. त्यानं दुसऱ्या हातानं माह्या तोंडावर बुक्की हाणली. ओठ फाटला, समोरचा दात हालला. मी खाली. त्याच्यावरही लोक हसले.

गोपालभाऊनं हात उगारला. तेवढ्यात बाबा सरळ झाले. त्यायनं गोपालभाऊले खांद्यानं बाजूले लोटलं, फिरून राजदीपच्या डाव्या अंगाले आले, अन् हाणली. खरी. खदानीत तीस वर्षं घन मारलेला हात होता तो. राजदीपची मान फिरली, थुंकीसंग रक्त उडालं माह्या ड्रेसवर.

मैदान पेटलं. "आता कसं! वन्स मोर!" गोपालभाऊ हात खाली घेऊन टाळ्या पिटाले लागला. बाबा थांबले तसा तो पुन्हा पुढं सरकला. म्हणून बाबानं दुसरी हाणली. मंग तिसरी. डावीकडूनच, मेलेल्या कानावरच. राजदीपले दुसऱ्या झापडीले समजलं. त्यानं आपणहून डावा गाल पुढं केला, अन् दात आवळून म्हणे, "मारा बाबा. इकडूनच मारा." मी पायाशी पडलेली होती म्हणून मले ऐकू आलं.

पब्लिक मोजाले लागलं. बाबा तोंड उघडं टाकून रडत होते अन् मारत होते. बाप रडते पाहून लोक अजूनच लोळाले लागले. राजदीपचा डोळा सुजून बंद झाला, नाक मोडलं, तो गुडघ्यावर आला तं पोट्ट्यायनं त्याले उभं केलं. शेवटी एक पाहुणा घड्याळ पाहाले लागला म्हणून गोपालभाऊनं माइक घेतला. "कलाकारायचा सत्कार करू या." रक्तानं भरलेल्या शर्टावर शाल टाकली, हातात नारळ देल्ला, अन् फोटो काढला.

उजवा कान वाचला. डॉक्टरनं दोनदा तपासून सांगितलं, वाचला. पण बाबाचं त्या दिवसापासून बोलणंच बंद झालं. जेवा म्हटलं तं जेवत, बस.

लोकायच्या मोबाइलवर तो व्हिडिओ साऱ्या जिल्ह्यात फिरला. चॅनलवाल्याचा फोन आला. राजदीपनं स्पीकरवर ठेवला. "भाऊ, काय चीज केली! असंच ओरिजिनल पायजे, दर रविवारी." मी फोन हिसकून त्याच्या मायबापाचा उद्धार केला. राजदीपनं फोन बंद करून खिशात टाकला. मले वाटलं, समजलं याले.

कायचं समजते! दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंगणात दगडावर कोळसा फोडत बसलते, सिगडीसाठी. राजदीप तोंडावर टाके, नाकावर पट्टी अशा अवतारात बाहेर आला अन् उजवा कान बाबाकडं करून बसला.

"बाबा," तो म्हणे, "करू ना आपण. डावा कान तं गेलाच हाये, त्याच्यावर मारलं तं काय बिघडते? दुसऱ्यायनं मारण्यापेक्षा तुमी मारलेलं बरं. मले काई वाटत नाई, कसम."

मी म्हटलं, "तुले नाई वाटत, अन् त्यायले? कधी पाह्यलं त्यायच्या तोंडाकडं?"

"तू चूप बस रुपे. बाबा, तुमी फक्त हो म्हणा."

बाबा त्याच्याकडं पाहत राह्यले. मंग त्यायनं हातोडा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. उजवा हात त्या दगडावर पसरून ठेवला. मले वाटलं, चुरा झाडतात. डाव्या हाताले सवय नव्हती, पहिला घाव बोटांवर बसला. दोन बोटं चेंदून गेले. मी किंचाळली. त्यायनं हात मागं नाई घेतला. दुसरा घाव तळहाताच्या मधात बसला, हाड मोडून कातड्याबाहेर आलं. कोळशाची भुकटी अन् रक्त, सारं एक झालं. राजदीपनं तिसरा घाव वरच्या वर धरला, नाई तं मनगटही गेलं असतं. तो लेकरावानी ओरडत होता, "बाबा, काय केलं हे! काय केलं!"

रुखमाबाई धावत आली अन् फाटकातूनच ऑटोसाठी ओरडाले लागली. मी ओढणी फाडून हात बांधत होती, माह्यानं गाठ बसत नव्हती. बाबाचा चेहरा राखेसारखा झालता, घाम टपकत होता. त्यायनं चांगल्या हातानं राजदीपची कॉलर धरली, त्याले जवळ ओढलं, अन् त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.

"गधड्या," ते म्हणाले, "आता बिनाझापडीचं लिव."