देवेशचा हात

आमच्या चौके गावातल्या गॅरेजवर पाटी आहे, ‘परशुराम अँड सन’. सन म्हणजे माझा धाकटा भाऊ देवेश. त्याने गोव्यात तीन नोकऱ्या धरल्या आणि तिन्ही सोडल्या. मी विमला, वय वर्षं पन्नास, पाटीवर नाही.

जुन्या फियाट, अँबॅसिडर गाड्यांचे टाकीतून पेट्रोल ओढणारे पंप आम्ही नव्याने बांधून देतो. आम्ही म्हणजे मी. बाबांची नजर जाऊन बारा वर्षं झाली. हल्लीच्या पेट्रोलने पंपातला जुन्या पद्धतीचा रबरी पडदा लवकर सडतो, म्हणून मी दुसऱ्या रबराचा कापते. पडदा बसवताना पंपाची लिव्हर दाबून धरायची आणि मगच स्क्रू आवळायचे. लिव्हर सोडून आवळले तर पडद्याला ढील राहत नाही आणि गाडी चालू झाली की तो फाटतो. एवढीच मेख, पण ती शिकायला मी बाबांच्या दोन वर्षं शिव्या खाल्ल्या. शेवटी लिव्हर हलवून पंपाच्या पेट्रोल ओढणाऱ्या तोंडाला जीभ लावून बघायचं. वीस मोजेपर्यंत जीभ सुटली नाही तर पंप पास. माझ्या जेवणाला कायम पेट्रोलची चव असते.

गेल्या बुधवारी पणजीहून प्राजक्ता नावाच्या बाई आल्या, आजोबांची फियाट स्वतः चालवत. आठ वर्षांपूर्वी इथून बांधून नेलेला पंप अजून ठणठणीत होता. मुद्दाम दाखवायला त्यांनी तो काढून आमच्या टेबलावर ठेवला.

“हे काम कोणाचं?” त्यांनी विचारलं. “रविवारी आमचा जुन्या गाडीवाल्यांचा मेळावा आहे. चाळीस-पन्नास जण येतील. त्या कारागिराने सगळ्यांसमोर एक पंप बांधून दाखवावा, अशी माझी फार इच्छा आहे.”

खोटं कशाला सांगू, मला जायचं होतं. बाईच्या हातावर गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही, असं बाबा नेहमी सांगायचे. इथे तर गिऱ्हाईकच बाई होती.

बाबांनी पंप मागून घेतला, जिभेला लावला, बोटांवर वीस मोजले.

“माझ्या झिलाचो हात तो. देवेशाचो.”

“बाबा, ता काम माझा आसा,” मी म्हटलं.

बाबा हसले. “ह्या चेडू सामान पुसूक मदत करता. तेवढ्यान त्याका सगळा आपलाच वाटता.”

प्राजक्ताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या काळ्या नखांकडेही पाहिलं. मग देवेशचा नंबर लिहून घेतला. म्हाताऱ्या माणसाला तोंडावर खोटं कोण पाडणार?

पंप परत बसवून त्यांची गाडी गेल्यावर मी विचारलं, “तुमका खराच वाटता, देवेशान केल्यान?”

“नाय गो. माका ठावक आसा. पयल्यापासून ठावक आसा.”

“मगे कित्याक?”

“तुका सगळा येता. तेका काय येता?”

इतक्या मायेने बोलले ते, की माझ्या अंगाची लाही लाही झाली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. बारा वर्षं मला वाटत होतं, त्यांना दिसत नाही म्हणून कळत नाही.

शनिवारी देवेश वही-पेन घेऊन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्या शेजारी स्टूल ओढलं.

“ताये, सगळ्यांसमोर फजिती नको होवूक. स्क्रू आवळताना ती लिव्हर दाबून धरूची काय सोडूची?”

आतून बाबांच्या खोकल्याचा आवाज आला. मी टेबलावरचा एक जुना पंप उचलला, फडक्याने स्वच्छ पुसला आणि त्याच्या हातात दिला. पुसायला मला येतंच.

“सोडूची,” मी म्हटलं.

त्याने लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.