मिठाच्या पाण्याचे उंदीर

“हे काय चाललंय, मावशी?”

सर प्रयोगशाळेच्या दारात कधी येऊन उभे राहिले, तिला कळलंच नाही. तिच्या ओंजळीत पांढरा उंदीर डोळे मिटून पडला होता आणि ती अंगठ्याने त्याची मान चोळत होती.

“काही नाही सर, जरा शांत करतेय.”

“सगळ्यांनाच करता?”

खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. “नाही. पांढऱ्या झाकणाच्या बाटलीतलं टोचते ना, त्यांनाच. निळ्यावाल्यांना निदान औषध तरी मिळतं. ह्या बिचाऱ्यांच्या वाट्याला नुसतं मिठाचं पाणी. संध्याकाळी मरायचं मात्र दोघांनीही.”

सरांनी कपाळाला हात लावला. औषध म्हणजे शरीरातच तयार होणारं एक हार्मोन. ते टोचल्यावर मेंदूतलं डोपामिन किती झपाट्याने बनतं आणि खर्ची पडतं, हे मोजायचं होतं. तुलनेला मिठाच्या पाण्याचे उंदीर. आणि दोघांत फरक काही केल्या दिसत नव्हता.

“कुरवाळण्यानंही मेंदूत बदल होतात हो, मावशी,” सर थकून म्हणाले. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. “सगळे उंदीर बाद. आता नव्यानं सुरुवात, पुढच्या वर्षी.”

ती घरी आली. नवरा शिंपी, पण मेंदूतलं तेच डोपामिन आटलं आणि त्याच्या हाताला कंप सुटला. तेव्हापासून शिलाई मशीन चादरीखाली झाकून पडलं होतं. तिच्या प्रयोगशाळेतून आपलं औषध निघणार, असं त्याने मनाशी धरलं होतं.

“काय गं, काय म्हणतात तुझे उंदीर?” त्याने रोजच्यासारखं विचारलं.

तिने गॅसवर दूध ठेवलं, त्याच्याजवळ येऊन बसली आणि सगळं सांगून टाकलं. “माझ्यामुळंच लांबलं हो तुमचं औषध.” तिला रडू आवरेना.

त्याने तिच्या पदरानेच तिचे डोळे पुसले. मग म्हणाला, “कसं धरायचीस त्यांना?”

तिने त्याचा थरथरता हात ओंजळीत घेतला आणि अंगठ्याने हळूहळू चोळू लागली. हात शांत होत गेला. सोडला की कंप पुन्हा सुरू होणार, हे दोघांनाही माहीत होतं.

स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला. कोणीच उठलं नाही.